मोरी नावाच्या गावी

परदेशात गेलेला आपला माणूस तिथे काय करतो, असे गावाकडची मंडळी नेहमी विचारतात. खरे उत्तर एका शब्दात देता येईल : काम. आम्ही सिडनीच्या पश्चिम भागात राहणारी चार मराठी कुटुंबे. आमच्यात कोणी गोदामात माल लावतो, कोणी बस चालवतो, कोणी वृद्धांच्या देखभाल केंद्रात म्हाताऱ्यांची अंथरुणे बदलते. पाळ्या वेगवेगळ्या, सुट्ट्या वेगवेगळ्या. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. महिन्यातला एक रविवार चौघांनी मिळून काढायचा, डबे बांधायचे आणि हा देश पायी पाहायचा.

वाचकहो, हिंडायला पैसा लागतो हा समज खोटा आहे. शनिवार-रविवारी सिडनीत रेल्वेचे भाडे कमी पडते. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या की दिवस निघतो. सिडनीपासून शंभरेक किलोमीटरवर कटूंबा हे ब्लू माउंटन्समधले गाव आहे. ब्लू माउंटन्स म्हणजे निळे डोंगर. मैलोगणती नीलगिरीचे रान, त्या पानांच्या तेलाची वाफ हवेत मिसळते आणि दरी निळसर दिसते. वास अगदी ओळखीचा. सर्दी झाल्यावर आई रुमालावर जे थेंब टाकायची, तोच!

चालता चालता मुलांना आम्ही एक गंमत सांगतो. आपल्याकडे सडकेच्या कडेला दिसणारी नीलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही इकडचीच झाडे. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरूही इकडे मूळचाच. म्हणजे आम्ही येण्याच्या आधी इथली झाडे आमच्या गावी पोहोचली होती. माणसासारखा खदखदा हसणारा कुकाबुरा पक्षी हा तर आपल्या खंड्याचाच थोरला भाऊ.

याच डोंगरांच्या पायथ्याशी ग्लेनब्रुक गावाजवळ 'रेड हँड्स केव्ह' आहे. तिथल्या आदिवासींनी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांनी, शेकडो वर्षांपूर्वी खडकावर हात ठेवून त्याभोवती तोंडाने गेरू फुंकला. हात काढला, ठसा राहिला. मोठे हात आहेत, लहान मुलांचेही आहेत. आमच्यातली सहा वर्षांची पोर बराच वेळ आपला पंजा हवेत धरून मापे घेत होती. "हे लोक कुठे गेले?" तिने विचारले. कुठेही गेले नाहीत. पन्नास हजारांहून अधिक वर्षे ते या भूमीवर आहेत. आम्ही राहतो तो भाग धारुग लोकांचा. पॅरामॅटा हे नावदेखील त्यांच्याच भाषेतून आले, वाम माशांच्या जागेवरून. १७८८ साली इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली आणि पुढे कायद्याने असे धरून चालले, की ही जमीन कोणाचीच नव्हती. ते खोटे आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी मान्य केले. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते एडी माबो निकाल ऐकायला हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते.

हे सर्व सांगण्याचे कारण पुढे आहे. एका रात्री आमच्याकडे जेवायला आलेले एक भारतीय गृहस्थ सहज बोलून गेले, "हे अ‍ॅबोरिजिनल लोक कामाला नको म्हणतात. दारू पितात, सरकारकडून फुकट पैसे घेतात." ताटावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्यातल्या एका वहिनींनी शांतपणे विचारले, "भाऊ, 'सरकारचे जावई' हा शब्द तुम्ही ऐकलाय का? आमच्या वडिलांना नोकरी लागली तेव्हा कचेरीत त्यांना तो रोज ऐकवायचे." गृहस्थ गप्प झाले. ज्या बोलण्याने आपली माणसे रक्तबंबाळ झाली, ते बोलणे परक्या देशात दुसऱ्यांबद्दल आपल्या घरात चालू द्यायचे का? हा प्रश्न साधा नाही. मुले ऐकत असतात.

ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत मुलांना गोल्ड कोस्टला समुद्रावर जायचे होते. त्याऐवजी मोरीला जायचे ठरले. गावाचे नाव ऐकून पोरांना हसू आवरेना. "मोरीत काय बघायचे?" "आंघोळ करायची," आम्ही म्हणालो, आणि ते खरेच होते.

मोरी सिडनीहून सव्वासहाशे किलोमीटर. दोन गाड्या, अदलाबदल करीत चालक. डोंगर संपले की सपाट काळी जमीन लागते आणि तिच्यात कापूस! आमच्यातल्या यवतमाळच्या भावाने गाडी थांबवली आणि कुंपणाबाहेर उभा राहून बघतच राहिला. माती तीच, पीक तेच. फक्त वेचणाऱ्या बायका नाहीत. यंत्र वेचते आणि रंगीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे शेतात टाकत जाते.

या गावात जमिनीखालून गरम पाणी येते. १८९५ साली शेतीसाठी बोअर खणली, तेव्हा ते लागले. सुमारे ४१ अंश उष्ण. त्यावर स्नानाचे तलाव बांधले. भूमी कामिलरॉय लोकांची, ते स्वतःला गोमेरॉयही म्हणतात. पण १९५५ साली नगरपालिकेने नियमच केला, की आदिवासींना तलावात प्रवेश नाही. त्यांची मुले शाळेच्या वेळेत वर्गाबरोबर पोहू शकत. शाळा सुटली की गोरी मुले पाण्यात राहत आणि यांना बाहेर काढत.

फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे तीसेक विद्यार्थी एक बस घेऊन निघाले. त्यांचे पुढारी चार्ल्स पर्किन्स हे स्वतः आदिवासी. अमेरिकेतल्या 'फ्रीडम राइड'वरून त्यांनी आपल्या प्रवासाला तेच नाव दिले. मोरीत त्यांनी आदिवासी मुलांना तलावात नेले. पहिल्यांदा आत सोडले गेले; बस पुढच्या गावी जाताच बंदी पुन्हा लागू झाली. विद्यार्थी परत आले. या वेळी दारात मोठा जमाव होता. अंडी, टोमॅटो, शिव्या यांचा मारा झाला. ते हलले नाहीत. शेवटी नियम मागे घेण्याचे आश्वासन नगराध्यक्षांना द्यावे लागले. पुढे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्याच्या बाजूने कौल दिला. हा तलाव २०१३ पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहे.

आपल्या वाचकांना महाडची आठवण झाली असेलच. २० मार्च १९२७. फरक एवढाच, की महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, तरी लोक हात लावू देत नव्हते. इथे नियमच विरोधात होता. एके ठिकाणी कागद बरोबर आणि माणसे चूक, दुसऱ्या ठिकाणी कागदही चूक. दोन्हीकडे बदल घडला तो माणसे पाण्यापर्यंत चालत गेली म्हणूनच.

तलावाच्या काठी एक वृद्ध बाई पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. तिकडे आदिवासी समाजात वडीलधाऱ्या स्त्रीला 'आँटी' म्हणतात, जशी आपल्याकडे मावशी. आमच्या मुलांनी तसेच म्हटले आणि बाईंचा चेहरा खुलला. लहानपणी त्या कुंपणाबाहेर उभ्या राहून आतले हसणे ऐकायच्या. "पाणी आमच्याच जमिनीखालचे," त्या म्हणाल्या, "आणि तिकिटाच्या खिडकीवर आम्हालाच नाही म्हणत." वहिनींनी त्यांना आपल्या तळ्याची हकिकत सांगितली. बाईंनी पुन्हा विचारले, "तुमच्यातही? तुमचा तर सगळ्यांचा रंग एकच दिसतो." याचे उत्तर देणे अवघड होते. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे रंग बघत नाहीत, आडनाव विचारतात." बाई मान हलवत राहिल्या. तोवर आमची पोरे आणि त्यांची नातवंडे एकमेकांवर पाणी उडवू लागली होती.

सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींची आवाज मांडणारी संस्था राज्यघटनेत असावी यासाठी सार्वमत झाले. साठ टक्के मतदार 'नाही' म्हणाले, सहाही राज्यांनी नाकारले. आमच्यातल्या ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे त्यांनीही मत दिले. कोणी काय दिले हे ज्याचे त्याला ठाऊक. पण राज्यघटनेचे मोल आपल्याइतके कोणाला कळावे?

तेव्हा, वाचकहो, एक विनंती. तुमचा मुलगा, भाची, जावई परदेशी असेल तर पत्रात, फोनवर पगाराबरोबर हेही विचारा, की तू राहतोस ती जमीन मूळची कोणाची? आणि तुम्ही जिथे आहात तिथल्या विहिरीवर, नदीच्या घाटावर, तळ्यावर येत्या सुट्टीत मुलांना घेऊन जा. पाणी कोण भरत होते, कोण लांब उभे राहत होते, पहिल्यांदा घागर कोणी बुडवली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्यासमोर विचारा. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.