पट्टी कोणाची, गळा कोणाचा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुलगावात पारा पंचेचाळिसाला टेकलेला, त्यात भरदुपारी लाइट गेलेली. ओला पंचा मानेवर टाकून बसले होते, तेवढ्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘आई, हा तुझा विदर्भातला उन्हाळा ऐक.’

ते निघालं अंतोनियो विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’मधलं ‘समर’. हा इटलीतल्या व्हेनिसचा संगीतकार. चार ऋतूंवरच्या त्याच्या या व्हायोलिनच्या रचना १७२५ साली अॅमस्टरडॅमला छापून आल्या. मी बी.ए. मराठीची. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सुरुवातीचे ते दमलेले, अडखळणारे सूर ऐकले आणि मनात म्हटलं, अगं, ही तर आपली दुपार! उकाड्याने येणारी मरगळ दाखवायची आहे, असं त्यानेच सुरांसोबत लिहून ठेवलंय म्हणे. शेवटी वादळ येतं आणि उभ्या पिकावर गारपीट होते. गारपिटीने गहू-हरभरा झोपलेला पाहिलेल्या बाईला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन दिवसांनी लेकीने तेच संगीत दुसऱ्या वादकांचं पाठवलं. मला वाटलं, हिने चुकून भलतंच पाठवलं. पहिलं ऐकताना मन उदास झालं होतं, हे ऐकताना छातीत धडधडलं. वादळ तर असं सुसाट, की दारं-खिडक्या लावून घ्याव्यात! स्वर तेच, मग भाव कसा बदलला?

लेकीला विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा उलगडा झाला. विवाल्डीने लय आकड्यात सांगितलेलीच नाही. शेवटच्या भागावर ‘प्रेस्टो’, म्हणजे अतिद्रुत, एवढाच शब्द. लय मोजणारा मेट्रोनोम आला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे किती द्रुत, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. पट्टीचंही तसंच. ‘समर’ जी मायनरमध्ये आहे. आपल्या पेटीच्या भाषेत षड्ज पांढरी पाच, आणि गंधार कोमल, साधारण आसावरी थाटाच्या जवळचा. पण जुन्या पद्धतीची, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं घेऊन वाजवणारी मंडळी बरेचदा सगळी वाद्यंच अर्ध्या स्वराने खाली लावतात. मग तीच पांढरी पाच ऐकायला काळी तीन होते. एवढ्याशा फरकाने रंग पालटतो. त्यावरून ‘हे खरं, ते खोटं’ असं कुणी म्हणत नाही.

हे समजलं आणि मला आमच्या भजनी मंडळातली एक मुलगी आठवली. दहावीतली. आई कापूस वेचायला जाते, आमच्या बचत गटात आहे. पोरगी मोठ्या हौसेने भजनाला यायची. आमच्या पेटीवाल्या दादांचा हात काळी एकवर बसलेला. तिथे तिचा खालचा आवाज ऐकूच यायचा नाही, आणि वरच्या सप्तकात गेली की फाटायचा. ‘हिचा गळाच नाही,’ असा निकाल लागला. बायका हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली. पुढच्या गुरुवारपासून ती आली नाही.

परवा मुद्दाम तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत गुणगुणत होती. म्हटलं, तसंच गा. मोबाइलवरच्या पेटीवर स्वर लावून पाहिला, तर काळी चार! आवाज मोकळा, गोड. ‘मग मंडळात काहून जमत नव्हतं गं?’ तर म्हणाली, ‘काकू, तिथं माह्या गळ्यातून येतच नाही जी.’

मैत्रिणींनो, दोष गळ्याचा नव्हताच, पट्टीचा होता. आणि ती पट्टी तिला कुणी विचारून ठरवली नव्हती.

ज्या विवाल्डीमुळे हे सुचलं, तो १७०३ पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवत असे. टाकून दिलेली तान्ही लेकरं तिथे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली जात. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह आठवावं, असंच ते वाटतं. पिएतातल्या मुली जाळीआडून वाजवायच्या आणि ऐकायला दूरदेशीचे लोक यायचे. त्यांतल्या एकीचं नाव आन्ना मारिया. आडनाव नाही, म्हणून ‘व्हायोलिनची आन्ना मारिया’. तिच्यासाठी विवाल्डीने कितीतरी रचना लिहिल्या. तिचा हात कुठवर जातो, हे शिकवणाऱ्याला ठाऊक होतं. ती पुढे स्वतः शिक्षिका झाली. आईबापांचं नाव नसलेल्या मुलीला तीनशे वर्षांपूर्वी जे मिळालं, ते आपल्या पोरींना आपण का देऊ नये?

कुणी म्हणेल, प्रत्येकीची पट्टी वेगळी धरली तर मंडळात गोंधळच माजेल. मान्य. समूहात एकच पट्टी लागणार. पण ती गाणाऱ्या बायकांच्या गळ्यावरून ठरावी, वाजवणाऱ्याच्या सवयीवरून नव्हे. पेटीत सगळ्या पट्ट्या असतात, फक्त बोटांना सराव हवा. भजन सुरू करण्याआधी दोन-चार जणींनी पेटीशिवाय एक ओळ म्हणावी आणि मग स्वर धरावा. त्याला पैसा लागत नाही.

दादांशी बोलले आहे. कुरकुरले, पण या गुरुवारी काळी चार वाजवून बघतो म्हणाले. पोरीची आई म्हणते, ‘पुन्हा हसणार नसाल तर पाठवते.’ तिचं म्हणणं रास्त आहे. आता हसायचं नाही, हे आम्हा बायकांनाच पाळायचंय.