रुग्णालये किती नव्हे, किती दूर?

आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयाने अर्ज केला की जिल्हा समिती पाहणी करते, राज्य समिती निर्णय देते. खाटा, डॉक्टर, परिचारिका तपासल्या जातात. पण ही तपासणी एकेका रुग्णालयाची. सगळ्या जाळ्याची नव्हे. अमेरिकेतील टेक्सास राज्याचा जखमी कामगारांच्या उपचारासंबंधीचा २००५ सालचा कायदा जाळ्यालाच प्रमाणपत्र घ्यायला लावतो. उपचार करणारा डॉक्टर व सर्वसाधारण रुग्णालय ग्रामीण भागात ६० मैलांच्या, इतरत्र ३० मैलांच्या आत हवे, अशी त्यात अट आहे. अंतर कायद्यात लिहिलेले असले, तरच त्यासाठी भांडता येते. जिल्ह्याच्या गावी दहा रुग्णालये मान्य झाली, म्हणून पाड्यावरच्या मजुराची सोय होत नाही. तेव्हा बांधवांनो, रुग्णालये किती हे सांगणाऱ्या शासनाला ती वस्तीपासून किती दूर, याचा जाब विचारला पाहिजे.