अ‍ॅम्प्लिफायरची घरघर आणि क्वार्टरचं अर्थिंग

प्रति,
विद्युत शाखा, नगर सेवा विभाग,
भिलाई इस्पात संयंत्र, भिलाई



या वसाहतीत मन लावून गाणं ऐकणारे किती आहेत याची नोंद तुमच्या कागदांत नसणार. पण ज्या संयंत्राने पंडवानीच्या तीजनबाईंना नोकरी दिली, त्याला गाण्याचं वेड वेगळं समजावून सांगायला नको. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत जुने अ‍ॅम्प्लिफायर आहेत, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले स्पीकर आहेत, कुणी नागपूरहून शोधून आणलेल्या रेकॉर्डही आहेत. आणि कितीतरी घरांत गाण्याआधी घरघर सुरू होते. तिच्यावरचा उपाय लोक दुकानात शोधतात. मला वाटतं, त्यातला महत्त्वाचा भाग तुमच्याकडे आहे.

आपली वीज 50 हर्ट्‌झची. अ‍ॅम्प्लिफायरमधले डायोड तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका दिशेला वळवतात, म्हणून आतल्या बिघाडाची गुणगुण 100 हर्ट्‌झवर येते. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज 98 हर्ट्‌झला लागतो. म्हणजे ही गुणगुण त्याच्या शेजारी, किंचित चढी. तयार कानाला ती किती छळते ते गाणारेच जाणोत. असा आवाज फक्त अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडलेले असतानाही येत असेल, तर बहुतेक कपॅसिटर वाळले आहेत; ते काम मेकॅनिकचं. इतर तारा काढल्यावर घरघर थांबत असेल, तर एकेक तार परत जोडत जावं. जिच्यामुळे ती परतते, तिथे गोम आहे.

अनेकदा ती केबल टीव्हीची तार निघते. अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर, टीव्ही दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, आणि केबलवाल्याची तार बाहेरून आपलं वेगळंच अर्थ घेऊन आलेली. या ठिकाणांच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी ऑडिओच्या तारेवरच्या जाळीतून प्रवाह फिरतो आणि आपल्याला ऐकू येतो. सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की निम्म्या तक्रारी संपतात. उरलेल्यांसाठी केबलच्या तारेवर आयसोलेटर किंवा ऑडिओच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. रेकॉर्ड प्लेयरला अर्थची बारीक तार वेगळी दिलेली असते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट हवी. महागडी पॉवर केबल मात्र कुणी विकत घेऊ नये. सबस्टेशनपासून भिंतीपर्यंत साध्या तारांतून आलेली वीज शेवटच्या दोन मीटरांत पवित्र होत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगतो. घरघर थांबवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे प्लगची तिसरी पिन काढणं. ती पिन जाड आणि लांब असते, कारण अर्थ सर्वांत आधी जोडलं जावं आणि सर्वांत शेवटी सुटावं. ती काढली की प्रवाहाचं चक्र तुटतं, आवाज स्वच्छ होतो आणि ऐकणारा खूश होतो. मग एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं आणि लोखंडी डबा, आवाजाचं बटण, सगळ्यांत फेज उतरते. (मागे चौकोनात चौकोन अशी खूण असलेली यंत्रं दोन पिनांचीच असतात, त्यांना अर्थ लागत नाही. हे सगळं तीन पिनांच्या यंत्रांबद्दल.)

दुसरी युक्ती काही वायरमन करतात: सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकायचे. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या डब्यात वीज येते. तिसरी सवय जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या काळातली, अर्थची तार नळाला बांधण्याची. तेव्हा नळ लोखंडी होते. आता पाइप प्लास्टिकचे, तार मात्र कुठेकुठे तशीच.

तिसरी पिन शाबूत ठेवली, तरी तिच्या मागे खरंच जमीन आहे का, हे भाडेकरूला कसं कळावं? समजा, घराच्या अर्थचा रोध 20 ओहम आहे. फेज डब्याला लागली, तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. 16 अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडत नाही. अर्थ आहे, एमसीबी आहे, आणि डबा जिवंत! 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो हीच गळती पाहून क्षणात वीज तोडतो. मोठा लाउडस्पीकर घेणाऱ्याला मी म्हणेन, आधी आरसीसीबी बसवा.

भिलाईत यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात माती कोरडी पडते आणि मिठा-कोळशाच्या अर्थ पिटचा रोध वाढतो. त्याच दिवसांत दुपारची वादळं होतात. सर्ज बोर्डाला आलेला झटका उतरवायला तीच जमीन हवी असते. वादळ येताना प्लग आणि केबलची तार दोन्ही काढून ठेवणं आमच्या हातात आहे. पण पिट खोदणं, त्यात पाणी घालणं, रोध मोजणं आमच्या हातात नाही. क्वार्टर तुमचं आहे, आणि टाउनशिपमध्ये वीजही दशकानुदशकं संयंत्रच वाटत आलं आहे. उद्या वितरण राज्याच्या कंपनीकडे गेलं, तरी भिंतीतली वायरिंग घरमालकाचीच राहणार.

कुणाचा दोष दाखवायला लिहीत नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, त्या काळच्या घरात पंखा, दिवे आणि रेडिओ एवढीच वीज लागायची. आज त्याच भिंतींत एसी, गीझर आणि होम थिएटर आहे.

विनंती एवढीच: क्वार्टरचा ताबा देताना अर्थ टेस्टरने रोध मोजावा, आणि तो आकडा व तारीख मीटर बोर्डाजवळ चिठ्ठीवर लिहून लावावी. जुन्या रहिवाशांकडे हे एप्रिलमध्ये करावं, पावसाळ्यात नको. ओल्या मातीत प्रत्येक आकडा चांगलाच येतो. आकडा वाईट निघाला, तर पिटात पाणी कधी घालणार आणि आरसीसीबी कधी बसवणार, तेही त्याच चिठ्ठीवर लिहावं. सुरुवात एका सेक्टरपासून झाली तरी चालेल.

आपला,
टाउनशिपमधला एक श्रोता