विमानाचे पॉइंट अन् धानाचा चुकारा

इटियाडोह : डिसेंबर 2023 मध्ये बिरसीहून इंडिगोचे विमान हैदराबाद-तिरुपतीकडे निघाले, तेव्हापासून विमान गोंदिया जिल्ह्याला परके राहिले नाही. सोबत मोबाईलवर जाहिरातीही आल्या : क्रेडिट कार्डाने खर्च करा, पॉइंट जमवा, फुकट विमानात बसा.

फुकट किती ते पाहू. समजा 50,000 रुपये खर्च केले. शंभराला दोन पॉइंट, एका पॉइंटचे 50 पैसे धरले तर मिळाले 500 रुपये. आता तेच बिल महिनाभर थकले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 1,750, त्यावर जीएसटी 315. गेले 2,065, लेट फी वेगळीच. 'मिनिमम ड्यू' भरला म्हणून उरलेल्या रकमेचे व्याज सुटत नाही. या व्याजावरची 30 टक्क्यांची मर्यादाही सुप्रीम कोर्टाने 20 डिसेंबर 2024 ला उठवली.

पगारदाराचे ठीक आहे, पैसा दर महिन्याला येतो. इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्याचा चुकारा मोजणीनंतर कधी जमा होईल, सांगता येत नाही. बिलाची तारीख मात्र थांबत नाही. किसान क्रेडिट कार्ड हे नाव सारखे वाटले तरी प्रकरण निराळे : 3 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडले तर 4.

पॉइंटचाही भरवसा किती? 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली. लोकांचे मैल खात्यात होते, जेटचे विमानच नव्हते.

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या पोराने दर महिन्याला पूर्ण बिल भरून पॉइंट जमवावेत, आईबापाला विमानाने न्यावे. बापाच्या सातबाऱ्याच्या भरवशावर असे कार्ड काढू नये.