देवी नको, बाईच राहू दे



आयर्लंड, वेल्स या भागांतल्या जुन्या लोकांना केल्ट म्हणतात. त्यांच्याकडच्या ख्रिस्ती संत-स्त्रियांच्या कथा गेले काही महिने मी वाचते आहे. वाचता वाचता लक्षात आलं की तिकडच्या बऱ्याच बायका आज या कथा वेगळ्या पद्धतीने सांगतात. त्यांचं म्हणणं असं, की या संत म्हणजे मुळात जुन्या देवी. चर्च आलं, देवींची पूजा बंद झाली, म्हणून लोकांनी त्यांना संतांचे कपडे चढवले. ते कपडे उतरवले की आत देवी सापडते. १९७० नंतर इंग्लंड-अमेरिकेत स्त्रीरूपातल्या देवत्वाची उपासना करणारे गट वाढले, त्यांच्यात हे सांगणं फार आवडीचं आहे. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी गावात तर अशा उपासनेचं देवीमंदिरही आहे.

मला त्यांचं दुःख कळतं. शेकडो वर्षं देव म्हणजे पिता, पुजारी म्हणजे पुरुष. अशा घरात वाढलेल्या बाईला आई म्हणून हाक मारायला कुणीतरी हवं असणारच. पण या पुनर्कथनांबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मला जैन घरातली बाई म्हणूनच सुचली.

आधी ब्रिजिड. आयर्लंडमधल्या किल्डेअरची ही संत. तिचा दिवस १ फेब्रुवारी, आणि २०२३ पासून तिच्या नावाने तिथे सार्वजनिक सुट्टीही असते. तिच्या बाबतीत देवीवाल्यांकडे चांगला आधार आहे. साधारण सन ९०० च्या एका आयरिश शब्दकोशात ब्रिजिड नावाच्या देवीची नोंद आहे. ती कवींची देवी, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. बाराव्या शतकात जेराल्ड नावाच्या वेल्स पाद्र्याने लिहून ठेवलंय की किल्डेअरला एक अखंड अग्नी आहे. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र तो राखतात आणि विसाव्या रात्री लाकडं ठेवून ब्रिजिडलाच सांगतात, आज तुझी पाळी. पुरुषाला त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नसे. १९९३ साली तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी हा अग्नी पुन्हा पेटवला.

एवढं असताना अग्नीची देवी आठवणं साहजिकच आहे. पण सातव्या शतकात कोजिटोसस नावाच्या साधूने लिहिलेलं तिचं चरित्र वाचा. त्यात ती काय करते? आईने लोणी काढायला पाठवलेली मुलगी घुसळलेलं लोणी दारात आलेल्या गरिबांना वाटून टाकते. मग हिशेब द्यायची वेळ येते तेव्हा घाबरते आणि प्रार्थना करते. दुसऱ्या एका कथेत वडिलांची किमती तलवार ती एका महारोग्याला देऊन मोकळी होते. (आंघोळीच्या पाण्याची बिअर केली वगैरे चमत्कार आपल्याला पचणार नाहीत, ते मी सोडून देते.) मला त्या अखंड अग्नीपेक्षा ती घाबरलेली मुलगी जवळची वाटते. लोणी घरचं, हिशेब आईला द्यायचा आणि दारात भुकेला माणूस. आपल्यापैकी किती जणींनी सासूची नजर चुकवून कुणाला काही दिलं असेल! देवीच्या हातून लोणी गेलं तर त्यात काय गेलं? तिच्या घरी तोटा कसला?

दुसरी कथा वेल्सच्या मेलंगेलची, आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी. वडिलांनी लग्न ठरवलं, ते तिला नको होतं, म्हणून समुद्र ओलांडून पॉवीस राज्यातल्या एका डोंगरदरीत येऊन राहिली. पंधरा वर्षं तिने पुरुषाचं तोंड पाहिलं नाही. कथेप्रमाणे सन ६०४ मध्ये ब्रोख्वेल राजा शिकारीला आला. कुत्रे एका सशामागे लागले. ससा काट्यांच्या झुडपात शिरला. तिथे ही बाई प्रार्थनेत बसलेली, आणि ससा तिच्या घोळाखाली तोंड बाहेर काढून निवांत बसलेला. राजा कुत्र्यांना ओरडून सांगतो, पकडा! तो जितका ओरडतो, तितके कुत्रे केकाटत मागे सरतात. शेवटी राजाने ती जमीन तिला कायमची दिली, शरण येणाऱ्याला तिथे अभय. त्या भागात सशांना मेलंगेलची कोकरं म्हणत, आणि कित्येक पिढ्या तिथे ससा मारत नसत. पेनंट मेलंगेलच्या छोट्या चर्चमध्ये लाकडी पडद्यावर ही कथा कोरलेली आहे. तिची बाराव्या शतकातली दगडी समाधी मोडून तिचे तुकडे भिंतींत गेले होते, तेही विसाव्या शतकात पुन्हा जोडले गेले.

पुनर्कथनात हिची होते सशांची देवी. आधार काय? सीझरने लिहिलंय की ब्रिटनचे लोक ससा खाणं निषिद्ध मानत. आणि कॅशियस डिओ हा रोमन इतिहासकार सांगतो की राणी बुडिकाने रोमनांवर चालून जाण्याआधी आपल्या वस्त्राच्या घडीतून ससा सोडला, तो कुठल्या दिशेला पळतो त्यावरून शकुन पाहिला आणि अँड्रास्टे देवीचे आभार मानले. दोन्हीकडे बाई, वस्त्र आणि ससा, म्हणून दोन्ही एकच, असा हा धागा. मला तो पटत नाही. बुडिकाचा ससा लढाईचा कौल द्यायला सोडलेला, मेलंगेलचा ससा जीव वाचवायला आत घेतलेला. यापेक्षा उलट काय असणार? काही जणी तर पुढे जाऊन सांगतात की ससा हे देवीचंच रूप. म्हणजे देवीने देवीलाच वाचवलं! मग कुत्र्यांसमोर न हलता बसलेल्या त्या एकट्या बाईचं काय उरलं?

आपला मेरुप्रभ हत्ती आठवा. वणव्यात सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीने उभे आहेत. त्याने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात खाली ससा येऊन बसला. अडीच दिवस त्याने पाय खाली टेकवला नाही. वणवा विझला, ससा निघून गेला, आणि ताठलेला पाय टेकवता न आल्याने हत्ती कोसळला. तोच पुढच्या जन्मी श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार. आता कुणी सांगितलं की तो साधा हत्ती नव्हता, इंद्राचा ऐरावत होता, तर पाय दुखण्याचा प्रश्नच मिटला आणि कथाही संपली.

आपल्याकडे देवगती ही वरची पायरी मानतच नाहीत. देवालाही मोक्षासाठी मनुष्यजन्म घ्यावा लागतो. म्हणून संताला देवी केलं की ती मोठी झाली असं मला वाटत नाही, उलट तिचं पुण्य खर्च व्हायला लागलं असं वाटतं. आता कुणी म्हणेल, आपणही पद्मावतीची ओटी भरतो की. भरतो, मीही भरते. पण अंबिकेची गोष्ट सांगताना ती आधी मुनींना आहार देणारी आणि त्यापायी नवऱ्याने घराबाहेर काढलेली गृहिणी होती, हे आपण पुसून टाकत नाही. यक्षी झाली ती नंतर. ओटीच्या गर्दीत चंदनेची कथा ऐकायला कमी जणी थांबतात, हे मात्र खरं आहे आणि मला टोचतं.

पुढच्या रविवारी पाठशाळेत मेरुप्रभ सांगायचा आहे. त्याला जोडून मी मेलंगेलही सांगणार आहे, कुत्र्यांसकट, काट्यांसकट. आमच्या पाठशाळेतली मुलं सशाचं नाव काय होतं हे नक्की विचारतील. कथेत ते दिलेलं नाही.