आधी दळण, मग मशीन

2024 च्या दिवाळीत मी 14 हजारांची कॉफी मशीन घेतली आणि बिया दळायला घरचा मिक्सर वापरला. माझा सगळा मूर्खपणा या एका वाक्यात आला.

त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता. म्हणजे दोन क्विंटल कापूस मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला. यवतमाळात हा हिशोब न मागताही कोणीतरी करून देतंच. आमच्याकडे तो आईने केला. पहिला कप एक घोट पिऊन तिने खाली ठेवला आणि म्हणाली, "काहून रे बापा, एवढे पैसे पान्यात घातले? हा त काढा हाय."

काढाच होता. तरी वर फेस मात्र झकास होता, आणि त्या फेसावरच मी आठवडाभर फसलो.

दुकानदाराने मला एकच आकडा सांगितला होता: "15 बार हाय भाऊ, डोळे मिटून घ्या." हे 15 बार म्हणजे पंपाचा कमाल जोर. एस्प्रेसोला कॉफीवर साधारण 9 बारच लागतात. मोटरसायकलच्या मीटरवर 160 लिहिलेलं असतं म्हणून आपण आर्णी रोडवर 160 ने जात नाही, तसंच हे. आणि फेस? स्वस्त मशीनसोबत येणाऱ्या बास्केटला दोन बुडं असतात, आणि बाहेरच्या बुडाला एकच बारीक भोक. त्यातून जोराने ढकललं की कसल्याही पावडरीला फेस येतो. बास्केट चूक झाकते, चव सुधारत नाही.

आता माझं भांडण ज्या सल्ल्याशी आहे, तो सांगतो. "आधी मशीन घ्या, ग्राइंडर पुढे बघू." मला हा सल्ला सगळ्यांनी दिला, अगदी पुण्यात रोज दोनशे रुपयांची कॉफी पिणाऱ्या मित्रानेही. तो साफ उलटा आहे, आणि ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. पैसेवाला चुकला तर दुसरी मशीन घेईल. आपण चुकलो की ती मशीन कपाटावर जाते आणि घरात पुढची दहा वर्षं टोमण्याला विषय होतो.

खरं तर ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. चक्कीवर ज्वारीचा डबा ठेवताना बाई "बारीक दळ भाऊ" म्हणते. पीठ जाड आलं की भाकर थापताना फाटते, मग तवा कितीही भारी असो. जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घेत. तवा बदलून भाकर सुधारेल असं आपल्या एकाही आजीला वाटलं नाही. ते ज्ञान मी 14 हजार मोजताना कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

कॉफीचं तंत्र याहून वेगळं नाही. 18 ग्रॅम पावडरीतून 25-30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी, ही सुरुवातीची मोजपट्टी. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. त्यामुळे अर्धं भुकटी होतं आणि अर्धं रव्यासारखं राहतं. दाबाखालचं पाणी आळशी असतं. जिथे वाट मोकळी तिथून ते पळतं. मग भुकटीतून कडवटपणा उतरतो, रव्यातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. हे कोणतीही मशीन दुरुस्त करू शकत नाही. चांगल्या ग्राइंडरमध्ये जात्यासारखीच दोन दातेरी चक्रं असतात. त्यांच्यातलं अंतर आपण ठरवायचं, दाणा त्याच मापाचा पडतो.

तेव्हा 25-30 हजार असतील तर त्यातला निम्म्याहून मोठा वाटा दळण्यावर घाला. मी हाताने फिरवायच्या ग्राइंडरच्या बाजूचा आहे. विजेच्या ग्राइंडरमध्ये तुमचे पैसे मोटरीतही जातात, हातच्यात ते बहुतेक चक्रांवर लागतात. टाइममोअर, किंग्राइंडर, वनझेडप्रेसो ही नावं शोधा, पण त्यांचंही एस्प्रेसोसाठी चालणारं मॉडेल बघा. एक घर सरकवलं की शॉटच्या वेळेत थोडा फरक पडावा, एकदम पंधरा सेकंदांची उडी नको. रोज मिनिटभर हात फिरवावा लागतो. त्याचाही कंटाळा असेल तर हा छंद तुमचा नाही.

उरलेल्या पैशांत मशीन. इथे यवतमाळचा विचार करावाच लागतो, कारण पुण्या-मुंबईचे व्हिडिओ तो करत नाहीत. आमच्याकडे लाइट जाते. बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल पांढरी होते, मग कॉफी मशीनची बारीक नळी काय टिकणार? पाणी गाळून वापरा, लिंबूसताने अधूनमधून मशीन धुवा. माझ्या मशीनचा पंप सातव्या महिन्यात बसला, तेव्हा कळलं की सर्व्हिस सेंटर नागपुरात, दीडशे किलोमीटरवर. म्हणून मी म्हणतो, फ्लेअरसारखी हाताने दाबायची लिव्हर मशीन बघा. पंप नाही, वायर नाही, पाणी गॅसवर उकळायचं. याला जुगाड समजू नका. फेसाळ एस्प्रेसो जगाला दिला तो मिलानच्या अकिल गाजियाच्या लिव्हर मशीनने, 1948 साली. पंपवाली फाएमा ई61 आली 1961 मध्ये. विजेचीच हवी असेल तर डेलाँगी डेडिकाच्या मापाची एकबुडी बास्केट वेगळी घ्या. बजेट वाढलं तर गाजिया क्लासिक. ती उघडून सुटे भाग स्वतः बदलता येतात.

आणि तुम्ही दूध-साखर भरपूर घालूनच पिणार असाल, तर मशीनही नको. मोका पॉट किंवा दक्षिणी फिल्टर आणि ताजं दळण, बस. हे ऐकून मला लोक म्हणतात, मग टपरीवर दहा रुपयांत चहा मिळतो की. मिळतो, मीही पितो. पण "यवतमाळात राहून कसले हे चोचले" हा जो सूर त्यात असतो, तो मला मान्य नाही. चव काय फक्त कोथरूडच्या पिनकोडवर डिलिव्हर होते? महाराष्ट्रातली कॉफी म्हटली की चिखलदरा, आणि तो आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे.

बिया मात्र मे महिन्यात जपून मागवा. चव्वेचाळीस डिग्रीत पार्सल कुठे दिवसभर पडून राहील सांगता येत नाही. आली की छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा.

परवा त्याच दुकानात चुलतभावासाठी मिक्सर घ्यायला गेलो होतो. काचेच्या कपाटात माझ्यासारखीच मशीन दिसली. मी विचारलं, "भाऊ, याच्या बास्केटीच्या बुडाला भोकं किती?"

"आता भोकं कोन मोजते भाऊ?" तो म्हणाला. मी बास्केट काढून उलटी करून दाखवली. एकच होतं.