टेकडीवरून दिसणारे शहर

मुंबई पाहावयास आलेला प्रवासी आपल्या गावी परतताना काही छायाचित्रे बरोबर नेतो. गेटवे ऑफ इंडियाची कमान, मरीन ड्राइव्हवरील दिव्यांची माळ, वांद्रे-वरळीचा सागरी सेतू आणि समुद्रावर मावळणारा सूर्य एवढी त्यांत बहुधा असतातच. चित्रे सुंदर असतात, यात शंका नाही. पण एका प्रवाशाची चित्रे दुसऱ्याच्या संग्रहात मिसळली, तर ज्याची त्यालाही ती ओळखता येणार नाहीत. हजारो लोकांनी जेथे उभे राहून जे टिपले, तेथेच उभे राहून तेच पुन्हा टिपले, तर त्यात पाहणाऱ्याचे असे काय उरले?

मुंबईच्या उपनगरांत मात्र असा प्रवासी सहसा फिरकत नाही. अंधेरी स्थानकावर तो उतरलाच, तर गाडी बदलण्यापुरता. ते स्वाभाविकही आहे. अंधेरीत पाहण्यासारखे काय आहे, असे अंधेरीचाच रहिवासी विचारतो! आणि तरीही स्थानकाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर गिल्बर्ट टेकडी उभी आहे. काळ्या पाषाणाचा सुमारे ६१ मीटर उंचीचा हा एकसंध सुळका सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पृथ्वीच्या पोटातून आलेला तप्त रस निवू लागला, निवता निवता आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि एकमेकांस चिकटून उभ्या असलेल्या खांबांसारखा हा कातळ तयार झाला. अमेरिकेत अशाच उभ्या स्तंभांचा डेव्हिल्स टॉवर नावाचा एक डोंगर आहे. त्या देशाने १९०६ साली त्यास राष्ट्रीय स्मारक ठरविले आणि जगभरचे लोक तो पाहावयास जातात. अंधेरीच्या कातळाभोवतालचा दगड मात्र बांधकामासाठी वर्षानुवर्षे फोडला गेला. जे उरले, त्याचा समावेश महानगरपालिकेने २००७ साली वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत केला.

टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ असून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर जाता येते. हौशी माणूस धापा टाकीत वर पोचतो, खिशातून मोबाइल काढतो, चारी दिशांना फिरवितो आणि पाचव्या मिनिटाला पायऱ्या उतरू लागतो. घरी गेल्यावर चित्र पाहून त्याचा विरस होतो. डोळ्यांना एवढे विशाल दिसलेले शहर चित्रात खडूच्या तुकड्यांसारखे बारीक झालेले असते! दोष यंत्राचा नसतो. मोबाइलचे भिंग पुष्कळ रुंद प्रदेश एकदम सामावून घेते, त्यामुळे दूरच्या वस्तू लहान होतात. जवळची एखादी वस्तू, देवळाची पायरी म्हणा किंवा कठड्याशी उभा असलेला माणूस म्हणा, चित्रात घेतली, म्हणजे तिच्या मापाने दूरच्या इमारतींची उंची कळते. प्रकाशाचेही असेच आहे. सकाळी पश्चिमेकडे पाहावे, तर सूर्य पाठीशी असतो आणि वर्सोव्याच्या बाजूच्या इमारतींच्या भिंती उजळलेल्या दिसतात. संध्याकाळी त्याच इमारतींच्या केवळ काळ्या आकृती उरतात. मार्च महिन्यातील धुळकट दुपार आणि पावसाची मोठी सर येऊन गेल्यानंतरचा स्वच्छ प्रहर यांत तर दोन शहरांइतके अंतर पडते. हे सर्व पाच मिनिटांत कळणारे नाही. त्याला जागेशी परिचय हवा आणि परिचय जवळच्याच जागेशी होऊ शकतो.

या कलेच्या आरंभीचा इतिहासही हेच सांगतो. निसर्गदृश्याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निएप्स या संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. त्यासाठी तो कोठेही प्रवासास गेला नाही. आपल्याच घराच्या वरच्या खिडकीत त्याने आपली पेटी ठेवली आणि समोरची छपरे कित्येक तासांच्या उन्हाने पत्र्यावर उमटविली. त्यानंतर १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र खिडकीतूनच घेतले. रस्ता वाहत होता. परंतु चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत असल्यामुळे चालती माणसे आणि धावत्या गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. एक माणूस मात्र बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबला होता. तेवढा तो राहिला!

मुंबईतही ही हौस लवकर आली. १८५४ साली येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि १८५६ पासून दोन वर्षे हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक चित्रसंग्रह मासिकरूपाने निघत होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतील एक जाणकार सभासद. वैद्यकी सांभाळून त्यांनी आपल्याच शहरातील माणसांची छायाचित्रे घेतली. त्या काळी काचेच्या जड तक्त्या आणि रसायने वाहून न्यावी लागत. म्हणून तो काळ चांगला होता, असे मुळीच नव्हे. ही कला तेव्हा मूठभर सुखवस्तू लोकांपुरती होती आणि आज ती झोपडीतील मुलाच्याही हाती आली, हे इष्टच झाले. एवढेच की, तक्ती खर्ची घालण्यापूर्वी त्यांना विचार करावा लागे. आज तो आपण होऊन करावा लागतो.

अंधेरीसारख्या ठिकाणी असा विचार विशेष निकडीचा आहे. १९२८ साली अंधेरीहून तुर्भ्याकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि १९३४ साली तो बंदही पडला. आज तो कोठून जात होता, हे किती जणांना सांगता येईल? १९५० साली अंधेरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. २०१४ च्या जून महिन्यात वर्सोवा ते घाटकोपर अशी मुंबईतील पहिली मेट्रो गाडी धावू लागली. जी टेकडी एके काळी भोवतालच्या वस्तीहून उंच उठून दिसे, ती आता पुष्कळ ठिकाणांहून दिसतच नाही. उंच इमारतींनी तिला वेढले आहे. गेटवेचे चित्र काढणारे लाखो आहेत, ते एकाने न काढल्याने काही बिघडणार नाही. पण गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले असता दोन घरांच्या मधून टेकडीचा जो तुकडा अजून दिसतो, तो तेथल्या मुलाने टिपला नाही, तर दुसरे कोण टिपणार?

येथे एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. टेकडीच्या पायथ्याशी दाट वस्ती आहे आणि वरून पाहणाऱ्यास नुसती छपरे दिसत नाहीत, उघड्या खिडक्या आणि अंगणेही दिसतात. कोणी न्हात असते, कोणी भांडत असते. परगावचे काही हौशी लोक अशा घरांची चित्रे मोठ्या उत्साहाने घेतात आणि गरिबीचे दृश्य म्हणून चारचौघांत दाखवितात. ही गोष्ट असभ्य आहे. पॅरिसच्या त्या माणसाला आपले चित्र निघत आहे, हे ठाऊक नव्हते आणि त्याचा चेहराही ओळखू येत नाही. आजचे यंत्र दूरचा चेहराही स्पष्ट दाखविते. ज्याचा चेहरा ओळखता येतो, त्याला आधी विचारावे. तो नको म्हणाला, तर यंत्र खाली घ्यावे.

चित्राची तारीख आणि वेळ मोबाइल आपोआप नोंदवितो. परंतु समोर काय होते, ते तो लिहीत नाही. ते वहीत लिहून ठेवावे लागते. गिल्बर्ट टेकडी, देवळाजवळची वरची पायरी, तोंड पश्चिमेकडे, कार्तिकातील सकाळ. डावीकडून तिसरी इमारत अपुरी, तिला बांबूंची परांची. पुढल्या कार्तिकात त्याच पायरीवर पुन्हा उभे राहावे. परांची तोवर उतरलेली असेल आणि तिच्या पलीकडचे जे काही आज दिसते, ते कदाचित त्या दिवसापासून फक्त त्या चित्रातच राहील.